'बर्ड जिवंत आहे' : चार्ली पार्करचें स्मरण

१९५५ सालच्या मार्च महिन्यांत न्यूयॉर्क शहराच्या ग्रेनिच व्हिलेज भागांतील भिंतींवर आणि भुयारी रेल्वेच्या वाटांवर दोनच शब्द जागोजाग लिहिलेले दिसूं लागले: 'बर्ड लिव्ह्ज'. बर्ड म्हणजे पक्षी. आणि 'पक्षी जिवंत आहे' ही वार्ता भिंतीवर लिहून ठेवण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न कामावर जाणाऱ्या सामान्य नागरिकास पडला असल्यास नवल नाहीं. परंतु जॅझ संगीताच्या भक्तांना त्या शब्दांचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नाहीं. 'बर्ड' या लाडक्या नांवानें ओळखला जाणारा सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर हा १२ मार्च रोजीं निवर्तला होता. त्याचें वय अवघें चौतीस वर्षांचें होतें. भिंतींवर लिहिणाऱ्या मंडळींत टेड जोन्स हा कृष्णवर्णीय तरुण कवि पुढें होता. तो कांहीं काळ पार्करसोबत एकाच बिऱ्हाडांत राहिलेला होता.

राजा निवर्तला असतां तोफा सुटतात आणि निशाणें अर्ध्यावर उतरतात. ज्याच्यासाठीं तोफा सुटत नाहींत, त्याचा शोक लोकांना आपल्या हातांनींच करावा लागतो. पार्करच्या चाहत्यांपाशीं खडू होता, कोळसा होता आणि शहराच्या भिंती होत्या. त्या दोन शब्दांत जसें दुःख होतें, तसा मृत्यु नाकारण्याचा हट्टहि होता. परंतु कोणी मनुष्य गेल्यावरहि जिवंत आहे असें म्हटलें, म्हणजे पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो: तो जिवंत आहे तो कोठें? त्याच्या कोणत्या अंशानें? या प्रश्नाचें उत्तर त्याच्या भक्तांनीं निरनिराळ्या प्रकारें दिलें. कांहींनीं तें प्राण गमावून दिलें, कांहींनीं आयुष्य वेचून दिलें.

जॅझ हें अमेरिकेंतील कृष्णवर्णीय लोकांनीं घडविलेलें संगीत होय. त्यांत मूळ चाल बहुधा सर्वांच्या परिचयाची असते. परंतु वादकाची खरी कसोटी ती चाल वाजवून झाल्यावर लागते. तालाचें आवर्तन आणि चालीखालील स्वरसंघांची ओळ कायम ठेवून तो ऐन वेळीं नवी रचना करीत जातो. आपल्याकडील गवयाच्या उपजेशीं या कलेचें नातें फार दूरचें नाहीं. भेद इतकाच कीं, आपला गवई एका रागाच्या मर्यादेंत राहून विस्तार करतो, तर जॅझचा वादक क्षणोक्षणीं पालटणाऱ्या स्वरसंघांवरून वाट काढीत धांवतो. सॅक्सोफोन हें पितळेचें, परंतु वेताची पातळ जीभ तोंडांत धरून फुंकण्याचें वाद्य आहे. त्याच्या लहानमोठ्या जातींपैकीं 'आल्टो' ही पार्करची. 'टेनर' ही तिच्याहून मोठी आणि खालच्या स्वरांची.

पार्करचा जन्म २९ ऑगस्ट १९२० रोजीं कॅन्सस राज्यांतील कॅन्सस सिटी येथें झाला, आणि त्याचें बालपण शेजारच्या मिझूरी राज्यांतील त्याच नांवाच्या मोठ्या शहरांत गेलें. बाप घरांत फारसा नसे. आई अ‍ॅडी हिनें कष्ट करून मुलास वाढविलें आणि वाद्यहि घेऊन दिलें. तें शहर त्या काळीं रात्रभर जागें असे. मद्यगृहांतून पहाटेपर्यंत वादकांच्या चुरशी चालत, आणि शाळा अर्ध्यावर सोडलेला हा मुलगा त्यांच्या भोंवतीं घुटमळत असे. १९३६ सालीं रीनो क्लब नांवाच्या जागीं तो धीर करून वाजवावयास उभा राहिला आणि मध्येंच वाट चुकला. ढोलवादक जो जोन्स यानें आपली झांज काढून त्याच्या पायांपाशीं फेंकली. सभा हंसली, आणि मुलगा वाद्य घेऊन बाहेर पडला.

या अपमानाचें पुढें काय झालें, तें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. दुसऱ्या वर्षीं उन्हाळ्यांत ओझार्क डोंगरांतील एका विश्रामस्थानीं त्याला वादकाचें काम मिळालें. तेथें त्यानें लेस्टर यंग या थोर टेनरवादकाच्या ध्वनिमुद्रिका सोबत नेल्या, आणि त्यांतील एकेक तान ऐकून ती जशीच्या तशी गळीं उतरविली. पुढें १९५४ सालीं पॉल डेस्मंड या वादकाशीं बोस्टनच्या नभोवाणीवर त्याचें संभाषण झालें. त्यांत त्यानें सांगितलें कीं, तीन-चार वर्षें तो दररोज अकरा ते पंधरा तास मेहनत करीत असे. शेजारी इतके कंटाळले कीं, त्यांनीं एकदां त्याच्या आईस बिऱ्हाड हलविण्यास सांगण्याची धमकी दिली! लोकांना त्याचें वादन ईश्वरी देणगीसारखें वाटे. तो स्वतः मात्र त्याचा हिशेब तासांत सांगत होता.

१९३९ सालीं तो न्यूयॉर्कला आला. पोट भरण्यासाठीं एका खाणावळींत त्यानें बशा विसळल्या. परंतु त्याच खाणावळींत आर्ट टेटम हा अद्वितीय पियानोवादक रोज वाजवीत असे, म्हणजे पोटाबरोबर कानाचीहि सोय झाली. 'चेरोकी' या गाण्यावर बिडी फ्लीट नांवाच्या गिटारवादकाबरोबर मेहनत करीत असतां त्याला एक गोष्ट उमगली. स्वरसंघाचे वरचे, दूरचे स्वर आधारास घेतले आणि त्यांना अनुरूप स्वरसंघ खालीं ठेवले, तर ठरीव वाटेबाहेर जाऊनहि बेसूर न होतां परत येतां येतें. डिझी गिलेस्पी हा ट्रंपेटवादक याच दिशेनें चालला होता. दोघांची गांठ पडली आणि 'बीबॉप' नांवाची नवी शैली उदयास आली. २६ नोव्हेंबर १९४५ रोजीं मुद्रित झालेली 'कोको' ही रचना ऐकून कित्येक जुन्या वादकांनीं कपाळास आठ्या घातल्या. हें नृत्याचें संगीत नव्हे, ही नुसती धांवाधांव आहे, असें ते म्हणत. तरुणांना मात्र त्या धांवेंत प्रत्येक स्वर जागच्या जागीं पडलेला ऐकूं आला.

या तरुण भक्तांत डीन बेनेडेट्टी याचें नांव विसरतां येणार नाहीं. तो स्वतः सॅक्सोफोन वाजवीत असे. परंतु पार्करला ऐकल्यावर त्यास स्वतःच्या वादनाहून त्याचें वादन टिपून ठेवणें अधिक महत्त्वाचें वाटूं लागलें. १९४७ सालीं लॉस एंजल्स येथील आणि १९४८ सालीं न्यूयॉर्क येथील मैफलींत तो मुद्रणयंत्र घेऊन हजर राही. पार्कर वाजवूं लागला कीं यंत्र चालू करावें, आणि दुसऱ्याची पाळी आली कीं बंद करावें, असा त्याचा बहुतेक शिरस्ता होता. कोणास हा वेडेपणा वाटेल, आणि इतर गुणी वादकांवर त्यांत अन्यायहि झाला हें खरें. परंतु त्या रात्रींचे स्वर ज्या एका मनुष्यामुळें उरले तो हाच. बेनेडेट्टी १९५७ सालीं इटलींत तरुणपणींच वारला. त्याच्या मुद्रणांची तीस वर्षें केवळ दंतकथा चालत राहिली. १९८८ सालीं त्याच्या भावाकडे जपून ठेवलेला तो ठेवा उजेडांत आला, आणि १९९० सालीं कित्येक तासांचें तें वादन प्रसिद्ध झालें.

भक्तीची दुसरी तऱ्हाहि होती, आणि ती सांगतांना लेखणी जड होते. पार्कर किशोरवयांतच हेरॉईन या मादक द्रव्याच्या पाशांत सांपडला होता. २९ जुलै १९४६ रोजीं लॉस एंजल्स येथें 'लव्हर मॅन' हें गाणें मुद्रित करतांना त्याला धड उभें राहवत नव्हतें. त्याच रात्रीं त्याला अटक झाली, आणि पुढील सहा महिने कॅमारिलो येथील मनोरुग्णालयांत काढावे लागले. त्याचे तरुण चाहते हें सारें जाणून होते. परंतु त्यांनीं त्यांतून भलताच धडा घेतला. पार्कर असा वाजवितो आणि पार्कर हें द्रव्य घेतो, एवढ्या दोन गोष्टी त्यांनीं शेजारीं शेजारीं ठेवल्या आणि दुसरी ही पहिलीचें कारण ठरविली. ओझार्कच्या डोंगरांतील मेहनत कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. सुई मात्र होती. त्याच्या संचांत ट्रंपेट वाजविणाऱ्या रेड रॉडनी यानें आपण याच मोहानें त्या वाटेस गेलों, अशी पुढें कबुली दिली. पार्कर स्वतः त्याला आणि इतरांना निक्षून परावृत्त करीत असे. परंतु ज्याचे पाय चिखलांत रुतले आहेत त्यानें 'इकडे येऊं नका' म्हटलें, तर ऐकणाराचें लक्ष शब्दांपेक्षां पायांकडेच जातें.

१९४९ सालच्या डिसेंबरांत न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्यावर त्याच्या टोपणनांवावरून 'बर्डलँड' हें संगीतगृह उघडलें. नांव त्याचें, मालकी दुसऱ्यांची. १९५४ सालच्या मार्च महिन्यांत त्याची धाकटी मुलगी प्री ही दोन वर्षांची होऊन वारली. त्या वेळीं तो दूर कॅलिफोर्नियांत होता. त्या दुःखानंतर त्याचें शरीर आणि मन झपाट्यानें ढासळलें. १९५५ च्या मार्चच्या आरंभीं बर्डलँडमध्येंच त्याचें अखेरचें जाहीर वादन झालें, आणि तेंहि संचांतील कलहामुळें मोडून पडलें. इतकें कीं, चार्ल्स मिंगस या सहवादकानें श्रोत्यांपुढें येऊन आपला या प्रकाराशीं संबंध नाहीं असें सांगितलें.

त्यानंतर थोड्याच दिवसांनीं पार्कर आजारी स्थितींत पॅनोनिका द कोनिग्सवार्टर या संगीतप्रेमी सरदार-स्त्रीच्या स्टॅनहोप हॉटेलांतील बिऱ्हाडीं आला. डॉक्टरांनीं रुग्णालयांत जाण्यास सांगितलें. त्यानें नकार दिला. १२ मार्च रोजीं रात्रीं दूरचित्रवाणीवर डॉर्सी बंधूंचा कार्यक्रम पाहत असतां, एका कसरतपटूचे खेळ पाहून तो हंसला, आणि त्या हंसण्यांतच कोसळला. शव तपासणाऱ्या डॉक्टरानें त्याचें वय पन्नास ते साठ वर्षांचें असावें असा अंदाज केला. चौतीस वर्षांच्या देहाची त्या व्यसनानें केलेली ही दुर्दशा होती.

त्या देहावरहि वाद झाला. ज्या चॅनबरोबर तो अखेरचीं वर्षें संसार करीत होता, तिची इच्छा अशी कीं त्याला चिमुरड्या प्रीच्या शेजारीं ठेवावें. परंतु पूर्वीची पत्नी डोरिस हिच्या हातीं अंत्यविधीची सूत्रें आलीं. २१ मार्च रोजीं हार्लेममधील अ‍ॅबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चमध्यें प्रार्थना झाली, आणि नंतर शव कॅन्सस सिटीस आईकडे नेण्यांत आलें. २ एप्रिल रोजीं कार्नेगी हॉलमध्यें त्याच्या मुलांच्या मदतीसाठीं मोठी स्मृतिसभा भरली. ज्याच्या ध्वनिमुद्रिकांपाशीं बसून पार्कर शिकला होता तो लेस्टर यंगहि त्या रात्रीं व्यासपीठावर होता. गुरूनें शिष्यासाठीं वाजवावें, असा तो उलटा प्रसंग होता.

पुढें स्मारकें झालीं, आणि स्मारकांच्याहि कथा झाल्या. १५ मे १९५३ रोजीं टोरोंटो येथील मॅसी हॉलमध्यें पार्करनें प्लास्टिकच्या आल्टो सॅक्सोफोनावर वादन केलें होतें. त्याच रात्रीं मुष्टियुद्धाचा मोठा सामना असल्यामुळें सभागृहांत बऱ्याच खुर्च्या रिकाम्या राहिल्या होत्या. तें प्लास्टिकचें वाद्य १९९४ सालीं लंडन येथें लिलांवास निघालें, तेव्हां कॅन्सस सिटीनें तें ९३,५०० पौंडांस विकत घेतलें. आणि आतां तें त्या शहराच्या जॅझ संग्रहालयाचें भूषण झालें आहे. ज्या शहरानें एकदां त्याच्या पायांपाशीं झांज फेंकली, त्यानेंच त्याचें वाद्य एवढ्या मोलानें घरीं आणलें. १९९९ सालीं तेथें त्याच्या मस्तकाची भव्य प्रतिमाहि उभारण्यांत आली, आणि तिला नांव दिलें तें भिंतीवरचेंच: 'बर्ड लिव्ह्ज'.

शहराबाहेरील लिंकन स्मशानभूमींत तो आईच्या शेजारीं विसावला आहे. १९९४ सालीं तेथें नवी शिळा बसविली; परंतु कारागिरानें तिच्यावर कोरला तो टेनर सॅक्सोफोन! ज्यानें आयुष्यभर आल्टोवर साधना केली, त्याच्या थडग्यावर दुसरेंच वाद्य आलें. चाहत्यांनीं ही चूक ओळखली, क्वचित् तिच्यावर हंसलेहि. परंतु थडग्यापाशीं येणें सोडलें नाहीं. त्याच्या जन्मदिनाच्या सुमारास सॅक्सोफोनवादकांनीं तेथें जमून वाद्यांची सलामी देण्याचा प्रघात पडला. मिरजेच्या दर्ग्यांत अब्दुल करीम खांसाहेबांच्या पुण्यतिथीस गवई स्वरांची सेवा रुजू करतात, त्याच जातीची ही भावना होय.

माणसाच्या आठवणींचें मात्र शिळेहूनहि अवघड असतें. रॉबर्ट राईसनर यानें पार्करला ओळखणाऱ्या अनेक लोकांच्या आठवणी गोळा करून १९६२ सालीं 'बर्ड: द लेजंड ऑफ चार्ली पार्कर' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत कोणाला तो उदार दिसतो, कोणाला उसने पैसे बुडविणारा. कोणाला विद्वान, कोणाला बेजबाबदार. साधें 'बर्ड' हें नांव कसें पडलें, याच्याहि निरनिराळ्या कथा आहेत. मोटारीखालीं सांपडलेली कोंबडी त्यानें उचलून घेतली आणि रात्रीं शिजवविली, ही त्यांतील अधिक प्रसिद्ध. १९८८ सालीं क्लिंट ईस्टवूड यानें 'बर्ड' हा चित्रपट काढला आणि त्याची कीर्ति नव्या पिढीपर्यंत नेली. तथापि अशा कथांत एक धोका असतो: जीवनाची शोकांतिका डोळ्यांत भरते आणि कानांचें काम मागें पडतें.

कानांचें काम ज्यानें मागें पडूं दिलें नाहीं असा एक भक्त नभोवाणीवर होऊन गेला. त्याचें नांव फिल शाप. त्याचा जन्म १९५१ सालचा. म्हणजे पार्कर गेला तेव्हां तो अगदीं लहान मूल होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या नभोवाणी केंद्रावरून १९८१ सालीं त्यानें 'बर्ड फ्लाईट' नांवाचा प्रभातकालीन कार्यक्रम सुरू केला, आणि आठवड्याच्या कामाच्या दिवशीं पार्करचें संगीत लावून त्यावर बोलण्याचें व्रत तो सुमारें चाळीस वर्षें पाळीत राहिला. कोणती मुद्रिका कोणत्या दिवशीं निघाली, पियानोवर कोण होता, अमुक स्वर चुकला कीं मुद्दाम घेतला, याची चर्चा तो इतकी लांबवीत असे कीं कांहीं श्रोते अधीर होत आणि कांहीं हंसत. बेनेडेट्टीचीं जीर्ण मुद्रणें ऐकण्याजोगीं करण्यांतहि त्याचा मोठा वांटा होता. ७ सप्टेंबर २०२१ रोजीं तो निवर्तला. बेनेडेट्टीनें टिपलें, शापनें जपलें आणि रोज सकाळीं लोकांच्या घरांत पोंचविलें. एकानें दुसऱ्यास कधीं पाहिलें नाहीं. परंतु दोघांचें काम एकच होतें.

तरीहि पार्करचें सर्वांत मोलाचें स्मारक दगडाचें, पितळेचें किंवा ध्वनिमुद्रिकेचें नाहीं. तें एका मनुष्याच्या निश्चयाचें आहे. ३० जानेवारी १९५३ रोजीं न्यूयॉर्क येथें माईल्स डेव्हिसच्या एका मुद्रणप्रसंगीं पार्कर आणि सॉनी रॉलिन्स हा बावीस वर्षांचा टेनरवादक एकत्र आले. रॉलिन्स पार्करला देवासारखा मानी, आणि देवाच्या मागोमाग त्याच व्यसनांत उतरलेला होता. पार्करनें आस्थेनें विचारलें, तेव्हां त्यानें आपण आतां स्वच्छ आहों असें खोटेंच सांगितलें. थोड्या वेळानें तिसऱ्या कोणाच्या तोंडून सहज निघून गेलें कीं, त्याच दिवशीं रॉलिन्सनें तें द्रव्य घेतलें होतें. पार्कर रागें भरला नाहीं. परंतु त्याच्या चेहऱ्यावर जी निराशा उमटली ती रॉलिन्सच्या कायमची मनांत राहिली. आपल्यामुळें हीं मुलें बुडत आहेत, हें त्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलें होतें.

रॉलिन्सनें त्या दिवशीं मनांत गांठ बांधली. लगेच यश आलें नाहीं. परंतु अखेर तो केंटकी राज्यांतील लेक्सिंग्टन येथील सरकारी व्यसनमुक्ति-रुग्णालयांत स्वतःहून दाखल झाला. बरें होऊन बाहेर पडावें, बर्डला भेटावें, आणि 'तुमचें म्हणणें मला कळलें' असें त्याला सांगावें, ही त्याची आस होती. तो रुग्णालयांत असतांनाच पार्कर वारल्याची बातमी आली. सांगावयाचें तें सांगावयाचें राहून गेलें.

ज्या दिवसांत न्यूयॉर्कच्या भिंतींवर 'बर्ड जिवंत आहे' असें लिहिलें जात होतें, त्याच दिवसांत शेंकडों मैलांवर हा एक तरुण तें वाक्य दुसऱ्या रीतीनें खरें करीत होता. तो बाहेर आला, त्यानें शिकागोंत झाडलोटीचीं हलकीं कामें केलीं, आणि पुन्हां व्यसनाकडे न वळतां वादनाकडे वळला. १९५६ सालीं त्याची 'सॅक्सोफोन कोलोसस' ही ध्वनिमुद्रिका झाली आणि श्रेष्ठ वादकांत त्याची गणना होऊं लागली. कीर्ति शिखरास पोंचली असतां १९५९ सालीं त्यानें मैफली थांबविल्या, आणि सुमारें दोन वर्षें न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर उभें राहून तो तासन्‌तास एकटा मेहनत करीत राहिला. पार्करच्या सुईमागें गेलेला हा मुलगा शेवटीं त्याच्या ओझार्कच्या डोंगरापाशीं येऊन पोंचला होता.

खडूचीं अक्षरें पावसानें केव्हांच धुऊन गेलीं. ज्या भक्तांनीं पार्करचें मरण उचललें, त्यांच्यापैकीं कित्येक त्याच्याच मागून अकालीं गेले, आणि त्यांच्याबरोबर त्याचा तेवढा अंशहि गेला. ज्यांनीं त्याची मेहनत उचलली, त्यांच्या वाद्यांतून तो अद्याप ऐकूं येतो.